बोट पांढरं होईपर्यंत

पुएर्तो मॉन्त, जुलै, रात्रीचे दोन दहा.
खिडकीपलीकडे खाडी आहे असं म्हणतात;
मला दिसते ती काचेवरची वाफ
आणि तिच्यात उलटे पडलेले मॉनिटरचे हिरवे आकडे.

खाट सात. एलेओदोरो मान्सिया,
वय एकसष्ट, पाणबुड्या.
चाळीस वर्षं समुद्राच्या तळाचे शिंपले खरवडले,
आणि एका शिंपल्यानं नडगी कापली,
एवढीशी, नखभर.
त्यावर पट्टीसुद्धा लावली नाही म्हणे.
पाचव्या दिवशी हुडहुडी, सहाव्या दिवशी बोलणं भरकटलं,
सातव्या दिवशी तो माझ्याकडे आला,
खाटही सातच मिळाली.

आकडे तसे बरे आहेत.
सरासरी दाब पासष्ट, पुस्तकाला हवा तेवढाच.
पण हा पासष्ट त्याचा नाही,
पंपातल्या औषधाचा आहे,
पाहुण्यांपुढे मांडलेल्या
शेजारच्या ताटांसारखा.
मोठ्या नळाला पाणी आहे;
गल्लीच्या टोकाच्या घरांचं काय
ते मॉनिटरला विचारून उपयोग नाही.

म्हणून दर अर्ध्या तासानं
मी खिशातली काचपट्टी काढते,
त्याच्या उजव्या तर्जनीच्या पेरावर दाबते
बोट पांढरं होईपर्यंत,
आणि मग दहा मोजून होईपर्यंत.
सोडते.
एक. दोन. तीन.
इथवर गुलाबी यायला हवं.
चार.
पाच.
सहा.
सातला कुठे रक्ताला आठवतं
की इकडे अजून एक बोट होतं.

गुडघ्यांवर जांभळट जाळी,
कुणी ओलं जाळं वाळत टाकून विसरून गेल्यासारखी.
डॉक्टर इतुर्रांनी दोन्ही पाय वर धरून पाहिले,
पडद्यावरची लाट किंचित उंचावली.
"हृदयाला अजून घोट हवाय," म्हणाले. "अर्धा लिटर द्या.
आणि बोट बघत राहा."

तीनला मुलगी आली. योबाना.
काल्बुकोच्या मासळी कारखान्यातून, अर्धी पाळी टाकून,
रबरी बूट दाराशी काढून, नुसत्या मोज्यांवर.
मी काय करते ते ती बघत राहिली.
समजवायला मी तोंड उघडलं
तर म्हणाली, "कळलं मला.
आमच्याकडे पट्ट्यावरून सामन येतो,
मी प्रत्येकावर अंगठा दाबते.
खड्डा भरून आला तर ताजा.
नाही आला तर"

वाक्य तिनं तिथेच ठेवलं.
मीही ते उचललं नाही.

नियमात बसत नाही, पण साडेतीनला
काचपट्टी मी तिच्या हातात दिली.
दाबताना तिचा अंगठा हलला नाही,
हजारो माशांचा न्याय केलेला अंगठा तो.
मोजताना आवाज हलला.
सहा.

चारला पाच.
साडेचारला पुन्हा सहा,
आणि आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता
घड्याळाकडे बघत बसलो,
जसं काही त्यानंच चुकीचं मोजलं.
लॅक्टेट आलं: उतरलंय, पण असं
की आनंद करावा की नाही कळू नये.
पाचला पाच. साडेपाचला चार.
"बाबा खाली असताना," ती मध्येच म्हणाली,
"होडीवर मी हवेची नळी धरून बसायचे.
ओढ लागली की कळायचं, आहेत."
आणि तिनं त्याचं बोट
विनाकारणच, वेळ झालेली नसताना,
नुसतं हातात धरून ठेवलं.

सातला साडेतीन.
मी वहीत लिहिलं. गुडघ्यांबद्दलही लिहिलं,
तिथे अजून काही बदल नव्हता.

आठला माझी पाळी संपली. अजून उजाडायचं होतं.
काचपट्टी खिशातच राहिलीय
हे बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं.
कपाळ खिडकीला टेकवलं,
आणि नकळत ती स्वतःच्या तर्जनीवर दाबली,
पांढरं होईपर्यंत,
मग दहापर्यंत.
सोडली.
एक म्हणायच्या आत
गुलाबी.

लाज वाटावी
इतकं लगेच.